मावशीची बैठक

चित्रकलेच्या शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. काम एकच: अंगावरचे कपडे उतरवून स्टुलावर बसायचं आणि हलायचं नाही. सोपं वाटतं? बसून बघा. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. नवी मुलं-मुली पहिल्या दिवशी कागदात डोकं खुपसत, तेव्हा मावशीच दम द्यायची, "लाजायचं काम माझं होतं, ते मी कधीच सोडलं. तुम्ही कशाला उचललंत? वर बघा!"

या बसण्याला तिथे 'बैठक' म्हणत. मावशी घरीही तेच सांगायची, "बैठकीला जाते." त्यात खोटं काय? नवऱ्याने अर्थ आपला लावला. बायको बायकांच्या संघटनेत शिरली! तिच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास आला की विचारायचा, "आज फलक रंगवले वाटतं?" ती नुसती हूं म्हणायची. आणि हा गादीवाला उशीत कापूस कोंबता कोंबता गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "आमची ही पुढारी आहे, पुढारी!"

मग शाळेतल्या चित्रकार बाईंनी तिचं पुरुषभर उंचीचं चित्र केलं आणि ते प्रदर्शनात लागलं. नवरा बिथरला तर काम सुटणार. आणि इतकं मन लावून तिच्याकडे बघणारं जगात दुसरं होतं कोण? पण लपूनछपून जगायचाही तिला वीट आला होता. ती म्हणाली, "चला, आज तुम्हाला बैठक दाखवते."

तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. दालनात शिरला आणि खिळल्यासारखा थांबला. समोर स्टुलावर ती. सुटलेलं पोट, त्यावरचे बाळंतपणाचे वण, एक खांदा जरा उतरलेला, ओठांत दाबलेलं हसू.

"ही... तू?"

"मग काय, शेजारीण?"

"कपडे?"

"खुंटीला."

"आणि ते मोर्चे?"

"ते तुमचे तुम्हीच काढलेत."

"अगं, अख्ख्या बाजाराला सांगून बसलोय मी!"

"मग आता हेही सांगा. मी तुम्हाला विचारायला नाही आणलं, दाखवायला आणलंय." बोलली खरी ठसक्यात, पण पिशवीचा बंद बोटांनी पिळून पिळून पार वळला होता.

तो चित्राच्या जवळ गेला. खाली वाकला. मग शेजारी उभ्या असलेल्या चित्रकार बाईंकडे एकदम वळून कडाडला, "हिला नुसत्या लाकडावर बसवलंत?"

बाई गांगरल्या. "हो, म्हणजे..."

"म्हणूनच हिची कंबर धरते! रोज मी तेल चोळतोय, आणि मला वाटतंय, ही भाषणं करून दमली. चांगली जाड गादी शिवून देतो. तोवर बैठक बंद!"

"तोवरच ना?" मावशीने विचारलं.

"तोवरच." तो पुन्हा चित्राकडे वळला. "आता जरा बाजूला हो बघू. मधे उभी राहिलीस, काही दिसत नाहीये."