सायमनकाकांचा माइक

दोस्तहो, आज दुपारी चर्चमध्ये साउंड लावायला गेलो होतो. जॅझच्या ठेक्यावर येशूची गाणी वाजवणारा आपला बुलढाण्याचा बँड, गरीब पेशंटच्या मदतीसाठी कार्यक्रम. ठरला होता तो त्यांच्याच सॅक्सोफोनवाल्या सायमनकाकांच्या उपचारासाठी. काका मागच्याच आठवड्यात गेले.

ड्रमवाला डेव्हिडदादा म्हणाला, "काकाचा माइक बी लाव बे. अन् चालूच ठेव."

काका उभे राहायचे तिथंच, पहिल्या बाकापुढं लावला.

एका गाण्यात सगळी वाद्यं मधेच थांबली. ड्रमचा हलका ठेका तेवढा चालू. मला लग्नाच्या वरातींची सवय, आवाज गेला की लोक आधी साउंडवाल्यावर धावतात! घाबरून, मान वर न करता, मी काकांच्या माइकचा आवाज पूर्ण वाढवला.

स्पीकरमधून हुंदका आला. पहिल्या बाकावर काकू होत्या.

कमी करायला गेलो, तर डेव्हिडदादानं ठेका न सोडता मान हलवली, राहू दे. ती थांबलेली जागा काकांच्या सॅक्सोफोनची होती.

कार्यक्रम संपल्यावर हात जोडून काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आवाज बराबर होता, भाऊ. त्यायले आयकू गेला असन."

मी काकांच्या माइकची वायर गुंडाळायला घेतली. तुम्ही काय बोलला असता?