शिरपूर ते मंगरूळपीर : चार टायरांसाठी केलेला पहिला प्रवास

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र बाहेर पडलो ते देवदर्शनाला नाही. जीपगाडीचे टायर आणायला.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. त्यातली एक जीप माझ्या नवऱ्यानं, किसनरावांनी, घेतली. (तेव्हा नाव घ्यायची सोय नव्हती. आता या वयात कोण अडवणार?) आमचा भाजीचा मळा शिरपूरपासून दोन कोस आत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन जीप वाशीमच्या बाजाराला जायची. वर्षभरात तिचे टायर इतके झिजले की हात फिरवला तर पाटीसारखे गुळगुळीत लागत. आश्विनात परतीचा पाऊस पडला आणि गाडी आमच्याच वाटेवर तीनदा रुतली.

"मंगरूळपीरले एक मिस्त्री हाये, फौजेतून आलेला," किसनराव म्हणाले. "त्याच्यापाशी टायर भेटतीन म्हंतात."

"शांतेलेबी घेऊन जाय," सासूबाई म्हणाल्या. शांता म्हणजे मी; त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तरुणपणी विधवा झालेली ही बाई, मळा तिनंच उभा केलेला. "तिथल्या दर्ग्यावर डोकं टेकवून येईन ते."

सकाळी आत्याबाईंनी बैलजोडी जुंपून जीप शिरपूरच्या सडकेपर्यंत ओढून दिली. काळ्या मातीतून बैलांमागून जाणारी मोटार! शिरपूरच्या मंदिराला आलेले यात्रेकरू थांबून बघत होते. मी पदर तोंडावर ओढून हसत होते.

पुढे खडीची सडक. मालेगावच्या अलीकडे मागचा टायर फुटला. किसनरावांनी ट्यूब काढून ठिगळ लावलं, मी पंप मारला. घाम पुसत ते म्हणाले, "तुले जमते की!" लग्नाला आठ महिने झाले होते आणि हे त्यांनी केलेलं पहिलं कौतुक.

वाशीमला पोचायला दुपार झाली. भाजी उतरवली, पद्मतीर्थाच्या काठावर भाकर आणि ठेचा खाल्ला. वाशीम माझं माहेर, तिथल्या बहुतेक गल्ल्या मला ठाऊक. पण जेवण झाल्यावर किसनराव मला एका अनोळखी गल्लीत घेऊन गेले आणि दोन खोल्या दाखवल्या. अंगणात नळ होता.

"इथं राहू," ते हळूच म्हणाले. "वाशीम-मंगरूळपीर सवारी नेतो. पक्की सडक, रोजच्या फेऱ्या. म्हणून सडकेचे टायर घ्याचे हायेत."

"आत्याबाईले सांगतलं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नळाखाली हात धरून मी उगाच पाणी सोडलं. आणि लगेच सकाळी बैलांचा कासरा धरून चिखलात उभी असलेली आत्याबाई आठवली. वाशीमला माझ्या माहेरी मुक्काम केला, पण जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीर. तुम्ही आता तिकडे जाल तर एसटीनं आरामात जाल. तेव्हा पक्की सडक म्हणजेही खडीचीच; आमची हाडं खिळखिळी झाली. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका आण्यात दोन चहा आणि गरम भजी मिळाली. त्या चवीची भजी पुन्हा खाल्ली नाहीत.

मिस्त्रीचं नाव हमीदचाचा. पांढरी दाढी, खाकी विजार. त्यांनी भिंतीशी टायर मांडून दाखवले. चारांचा एक संच सडकेचा: बारीक रेघा, गाडी पाण्यासारखी पळणार. दुसरा लष्करी: बोटभर उंच ठोकळे, चिखल कापत जाणार, पण सडकेवर धडधड करणार आणि लवकर झिजणार.

"पह्यले हे सांग," चाचा म्हणाले, "गाडी कुठं चालते?"

"पक्क्यावर. रोज इथं ते वाशीम," किसनराव म्हणाले.

"आन् घर?"

ते टायर चाचपू लागले. मग मीच बोलले. परपुरुषापुढे बोलायची ही माझी पहिली वेळ. "शिरपूरपासून दोन कोस आत हाये, चाचा. सारी काळी माती."

चाचांनी सडकेच्या टायरवर थाप मारली. "बेटा, हे घेशीन तं रोजी चांगली होईन. पण पावसाचे चार महिने तुले घरच्या दारात जाता येनार नाही. मंजूर असन तं आत्ता चढवतो."

किसनराव बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. दर्ग्याकडे बघत ते म्हणाले, "मायले सांगाची हिंमत होत नाही मले."

"मी संग हावो ना," मी म्हटलं.

आम्ही परत आत आलो तेव्हा चाचांनी आतून तिसरा संच काढला होता. जुनाच, पण धड. मधे सलग पट्टी, कडेला खोल खाचा. "सडकेवर थोडा आवाज करन, चिखलात थोडा घसरन. पण दोन्हीकडं नेईन." तेच घेतले. दर्ग्यावर डोकं टेकवलं आणि परत निघालो.

शिरपूर सोडून काळ्या मातीत उतरलो तेव्हा मी डोळे मिटून घेतले. गाडी डुलली, घसरली, पण थांबली नाही.

जेवताना किसनरावांनी सगळं सांगून टाकलं. आत्याबाईंनी भाकर खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुही काय मर्जी हाये?"

माझी मर्जी आजवर कुणी विचारली नव्हती. "मले जावं वाटते," मी म्हटलं.

"मंग जा. पण पाण्यापावसात वाट बंद हाये, असं सांगू नको मले."

आम्ही गेलो. दर आठवड्याला मळ्यावर यायचो, भर पावसातही. दुसऱ्या श्रावणात आत्याबाई तापानं फणफणल्या. बैलगाडी चिखलात रुतत होती, जीप मात्र आत पोचली. वाशीमच्या डॉक्टरांनी वाचवलं त्यांना. तीन महिने त्या आमच्या दोन खोल्यांत राहिल्या, नळाच्या पाण्याला नावं ठेवत.

आज तो रस्ता डांबरी आहे. किसनराव नाहीत, जीप तर कधीच भंगारात गेली. वाशीमच्या घरी बसून हे लिहिताना मला सगळ्यात जास्त आठवतं ते आत्याबाईंना परत सोडायला गेलो तो दिवस. त्या पुढच्या सीटवरून उतरल्या आणि थेट मेथीच्या वाफ्याशी गेल्या. वाकून पानं चाचपली. मग मागं वळून, अगदी सहज म्हणाल्या, "बसा ना. चाय पिऊन जा."

त्या क्षणी मला कळलं की त्या घरात आम्ही आता पाहुणे झालो होतो. मी चूल पेटवायला उठले, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं.