मातीच्या बालवाडीला ऑइलपेंट

एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत चार वर्षांची मुलं बसवून पाहा, आणि मग माझ्याशी मातीवरून वाद घाला. माझी बालवाडी आधी अशाच एका भाड्याच्या खोलीत भरायची. नाशिकच्या पार टोकाला, जिथे द्राक्षबागा तोडून प्लॉट पाडायला नुकती सुरुवात झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. ऊन डोक्यावर आलं की पत्रा असा तापायचा की मुलं गाणं अर्ध्यात सोडून गप्प बसायची. एका मुलीचा तर उन्हाने सारखा घोळणा फुटायचा. मी पंचे भिजवून डोक्यांवर घड्या ठेवत फिरायची. शिकवणं कसलं, दवाखाना चालवत होते मी!

त्यातच माझ्या धाकट्या दिरांनी त्यांची बाग काढली आणि कोपऱ्यातला एक तुकडा बालवाडीला दिला. मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, इथे मातीची इमारत बांधायची. आता मी काही इंजिनिअर नाही. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून आणि दिसेल ते विचारून शिकले. पण एकदा पेठकडे मे महिन्यात लग्नाला गेले होते, तिथे कारवीच्या काड्यांना माती लिंपलेल्या घरात भर दुपारी मला गाढ झोप लागली होती. पंखा नाही, काही नाही. ती झोप माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या ओळखीतला एक तरुण इंजिनिअर होता, त्याला बोलावलं. तो आधी हसला.

"काकू, शाळा बांधायचीय की गोठा?"

"गोठाच समज. पण गाय शहाणी असते बाबा, ती तापलेल्या पत्र्याखाली बसत नाही."

त्याने नकाशा काढून आणला. खिडक्या सुरूच व्हायच्या त्याच्या स्वतःच्या छातीच्या उंचीवर. मी त्याला अंगणात मांडी घालून बसवलं आणि समोर तेवढ्या उंचीपर्यंत सतरंजी आडवी धरली.

"आता बाहेरचं काय दिसतंय?"

"आकाश."

"आणि झाड? रस्ता? घ्यायला आलेली आई?"

"नाही दिसत."

"मग पूस त्या खिडक्या."

पुसल्या त्याने, पण वैतागून. पुढे प्रत्येक गोष्टीला हेच. मी म्हणायची दगडी जोतं उंच घे, कौलांची पाखी लांब काढ, म्हणजे भिंतीवर पाणी यायचं नाही. तो म्हणायचा, "काकू, सिमेंट वापरा ना, मग ही कटकटच नाही." रस्त्याने जाणारा माणूससुद्धा सायकल थांबवून सल्ला देऊन जायचा. काळी माती वापरा म्हणे, बागेतच तर आहे. अहो, काळी माती वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे यांना बागायतदार असून सांगावं लागायचं! आम्ही पांढरी माती आणली, गव्हाचा भुसा घातला, पायांनी तुडवून मुरत ठेवली आणि तिच्या कच्च्या विटा पाडल्या. आमचे हे रोज संध्याकाळी कामावर चक्कर मारायचे आणि हात मागे बांधून म्हणायचे, "लोक सिमेंटच्या घराची जन्मभर वाट बघतात, आणि तू उलट्या पावली चाललीस."

तरी झालं उभं. देखणं झालं. भिंतीत मुलांच्या हाताला येतील असे कोनाडे, खाली शेणाने सारवलेली जमीन. मी स्वतः सारवली होती. मग मोठ्या हौसेने सगळ्या आयांना बघायला बोलावलं.

आया आल्या, उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, आणि आत कोणी येईना. त्यांच्यात देवळ्याकडची एक होती, नवरा सातपूरच्या कंपनीत. जिचा घोळणा फुटायचा, त्या मुलीची आई. मला वाटलं, निदान ही तरी खूश होईल. तर तीच बोलली.

"बाई, मी लगीन होईस्तोवर सारवलं. हाताला वास, नखात शेण. शाळेत पोरी लांब बसायच्या माझ्यापासून. फरशीच्या घरात आले तवा सुटले त्यातून. आन् तुमी माझ्या पोरीला परत शेणात बसवता? नाय बा."

मी म्हटलं, "अगं पण गार किती आहे बघ तरी आत येऊन!"

"गार हाय, पण गोठा दिसतो."

गल्लीतल्या सगळ्या आया हिच्या शब्दावर चालायच्या. ही गेली असती तर झाडून सगळ्या गेल्या असत्या. तिकडे चौकात टाय-बुटाची इंग्रजी शाळा नावं घ्यायला बसलेलीच होती. मुलंच नसली तर या भिंतींचं मी काय लोणचं घालणार होते? रात्रंदिवस तोच घोर लागला जिवाला.

चैत्रात वणीला गडावर देवीला जायचा आमच्या घरचा नेम. त्या वर्षीही गेलो. येऊन बघते तर बालवाडी पिस्ता रंगाची! वरच्या अंगाला गुलाबी पट्टा आणि दारापाशी एक लांब कानांचा प्राणी. तो ससा होता की गाढव, हे मला आजवर कळलेलं नाही. मुलांचे वडील ओळीने उभे, हातांना रंग. त्यातल्या एकाचं रंगाचं दुकान होतं, सगळी करामत त्याचीच.

"बाई, सरप्राइज! आया गोठा गोठा म्हणत होत्या ना? आता म्हणून दाखवा. एक नंबर ऑइलपेंट आहे. पोरांनी रेघोट्या मारल्या तरी ओल्या फडक्याने साफ!"

मी हातातली प्रसादाची पिशवी खाली ठेवली. "अहो, मातीची भिंत ओल पिते आणि परत बाहेर सोडते. तुम्ही तिचं तोंडच बुजवलंत की."

"भिंतीला तोंड असतं होय, बाई?" म्हणून सगळे हसले. त्यांच्यात आमचे हेसुद्धा! आता चिडून कोणाला सांगणार? त्या माणसांनी आपला सुट्टीचा दिवस घातला होता, मुलं टाळ्या पिटत होती. मी चहा टाकला.

आयांना मात्र तो रंग पसंत पडला. जमीन सारवलेलीच होती, त्यावर मी सतरंज्या अंथरल्या आणि कोणी वर करून बघू नये अशी देवीला विनवणी केली. जूनमध्ये वर्ग भरला, सगळी मुलं आली. मी निःश्वास टाकतेय तोवर आषाढात रंग पुरीसारखा फुगला. मुलांना काय, मज्जा! बोटाने टचकन फोडायची आणि खिदळायची. मी ओरडून ओरडून घसा बसवला. आणि एका सकाळी सूपभर मातीसकट रंगाचा एक मोठा पोपडा सुटला आणि बाहेर ओळीने काढलेल्या चपलांवर धाडकन आदळला. मुलं आत होती म्हणून बरं.

संध्याकाळी सगळे दारात. देवळ्याची पुढे.

"बघा. म्हटलं नव्हतं मी? मातीची भिंत ती. उद्यापासून पोरगी यायची नाय."

रंगाचे दुकानवाले आपली नखं तपासत उभे. मी तिचं मनगट धरलं आणि तिला मागच्या बाजूला नेलं. मागच्या भिंतीला रंग पुरला नव्हता. ती तशीच मातीची राहिली होती, आणि पावसाचा मारा खरं तर त्याच बाजूला जास्त.

"लाव हात."

तिने तळवा टेकवला. मग बोटांच्या पेरांनी वाजवली, नखाने जरा खरवडून बघितली. मातीतलं तिला मी काय सांगणार!

"कोरडी हाय," ती म्हणाली. तिथूनच नवऱ्याला हाक मारली, "अहो, रंग तुमी लावला ना सगळ्यांनी? मंग खरवडा आता तुमीच."

मी जिंकले असं वाटून पदर खोचतेय, तर बाई थांबायला तयार नाही.

"भिंत राहू द्या. पर जमीन फरशीची करा."

मी सुरू झाले. सारवलेल्या जमिनीवर पायाला ऊब राहते, पडलं तर लागत नाही, खराब झालं तर परत करता येतं, काही फेकावं लागत नाही. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आन् सारवणार कोण?"

"आपण सगळ्या. आळीपाळीने. दर आठवड्याला दोघी दोघी आया..."

"हां. आया."

वारा कुठून येतो, ऊन कुठवर पोचतं, मूल बसलं की नजर कुठे जाते, सगळं मी त्या इंजिनिअर पोराच्या डोक्यावर बसून नकाशात काढून घेतलं होतं. सारवणारे हात तेवढे मी न विचारता धरून चालले होते. चडफडले खूप. आणि मग फरशीचा भाव विचारायला गेले.

शहाबादी फरशी घातली. दगडच आहे तो, म्हणून मी माझं समाधान करून घेतलं. त्यातही हट्टाने दाराजवळचा एक कोपरा मातीचा ठेवला. म्हटलं, मुलांना सारवण माहीत तरी राहू दे. त्यावरही तिची अट होतीच. "पोरांना बी शिकवायचं. पोरींनाच नाय." मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी बालवाडीत आली.

पहिल्याच शनिवारी रंगाचे दुकानवाले मुलाला न्यायला आले. बघतात तर चिरंजीव कोपरापर्यंत शेणात.

"बाई! अहो, हा मुलगा आहे!"

मी तोंड उघडायच्या आत फाटकातून आवाज आला.

"मंग काय झालं? धुतल्यावर जातं ते. मी नाय का धुतलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता, त्यांच्याशी बोला," आणि पोराचे हात धुवायला बादली आणायला गेले.