द्राक्षं उभी काप

आमच्या मॅनेजर काकूंइतकं फोनमध्ये बोलणारं माणूस इंग्लंडातल्या अख्ख्या मिल्टन कीन्स शहरात सापडायचं नाही, आणि गंमत म्हणजे त्या कुणाला फोन करतच नाहीत. नुसत्या व्हॉइस नोट पाठवतात. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारा आमचा क्लब एका हॉलमध्ये भरतो. काकू या टोकाला, मी त्या टोकाला, मध्ये पंधरा पावलं, तरी नोट यायचीच: "अगं, मागे बघ, तो टेबलावर चढला!" आपापले फोन आम्हाला पेटीत कुलूपबंद ठेवावे लागतात, म्हणून क्लबचे दोन फोन: एक काकूंच्या हातात, दुसरा पिवळ्या नाडीनं माझ्या गळ्यात, मंगळसूत्राच्याही वर.

या व्हॉइस नोटांना कारण मीच. दहावीच्या आधीच शाळा सुटलेली, नवऱ्यामागून इथे आलेली. नियमांची इंग्रजी फाइल उघडली की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. त्यात नोकरी प्रोबेशनवर. काकूंनी फाइल काढून घेतली आणि अख्खी मराठीत बोलून फोनमध्ये भरली. मूल पडलं तर काय, आई उशिरा आली तर काय, आणि प्रत्येकाच्या शेवटी, "पण आधी तू पाणी पी." शिवाय गजर, तेही स्वतःच्याच आवाजात. साडेचारला, खाऊच्या वेळी: "द्राक्षं उभी काप! आडवी नाही, उभी!"

प्रोबेशन संपायच्या आठवड्यात तपासणीच्या बाई आल्या. मुलांच्या सेफ्टीसाठी तुम्ही काय करता, त्यांनी मलाच विचारलं. नोकरी गेली, एवढंच माझ्या डोक्यात. तेवढ्यात माझ्या छातीवर काकू गरजल्या, "द्राक्षं उभी काप!" आणि इंग्लिश, पोलिश, सोमाली, सगळी वीस मुलं एका सुरात ओरडली, "उभी!"

बाई दचकल्या. म्हणजे काय, म्हणाल्या. मला हसू फुटलं आणि हसण्यामागून इंग्रजी. गोल द्राक्ष घशात अडकतं, इथून जी सुरू झाले ती दहा मिनिटं थांबलेच नाही. दारात काकू घटाघटा पाणी पीत होत्या.

नोकरी पक्की झाली. काकू आता रिटायर होऊन स्टॅनमोरला लेकीकडे असतात. क्लबला नवा फोन आलाय, तो साडेचारला नुसता टिंग करतो. पण टिंग झालं की मुलं अजून "उभी!" ओरडतात. परवा हे काकूंना कळवलं, अर्थात व्हॉइस नोटनं. उत्तर आलं. "बरं, बरं. आणि तू पाणी पितेस ना?"

"पिते हो, काकू," मी म्हटलं. रेकॉर्डचं बटण दाबायचं राहूनच गेलं.