फक्त उजवा तळहात

ते पिवळं ताट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस सेवेतली माझी ती शेवटची नगरपरिषद निवडणूक. ठाणं वसमतचं, मतदानाला तीन दिवस उरलेले.

सकाळी तक्रारपेटीत बिनसहीची चिठ्ठी निघाली : 'आमच्या वॉर्डात शपथा घेऊन राहिलेत. कायतरी करा.' स्टेशन डायरीत नोंद केली आणि वॉर्डात गेलो.

कुणी बोलेना. "न्हाई साहेब, कायबी न्हाई," एवढंच. दारं अर्धीच उघडत. गुंडाला भिणारा माणूस बोलताना गल्लीच्या तोंडाकडं बघतो. ही माणसं घरातल्या लेकरांकडं बघत होती. मला तिथंच धडकी भरली.

मग हात दिसले. पिवळे. आधी दुर्लक्ष केलं. वसमतात हळदीच्या कामावर कितीतरी घरं जगतात. पण हळद निवडणाऱ्या बाईचे दोन्ही हात पिवळे असतात, नखांच्या कडांपर्यंत. इथं मास्तरांचा, न्हाव्याचा, पानटपरीवाल्याचा फक्त उजवा तळहात पिवळा होता.

बेलभंडारा! खंडोबाची हळद आणि बेलाचं पान उजव्या हातात उचलून घेतलेली शपथ. कोर्टात बिनदिक्कत खोटं बोलणारा माणूसही आमच्याकडं ही शपथ मोडत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंकडं महिला शिपायासह जाऊन बसलो. मशीनवरच्या पांढऱ्या अस्तराला त्यांच्या हाताचा पिवळा डाग लागला होता.

"मावशी, काय बोलायला लावलं?"

त्या मशीनचं चाक नुसतंच फिरवत राहिल्या. आत आठवा महिना लागलेली लेक झोपली होती.

"दुसऱ्याला मत दिलं तर लेकीची कूस रिकामी होईल, असं म्हणायला लावलं हो." आवाज आणखी खाली गेला. "दुसऱ्या बाई उभ्या हायत, त्यांनीच गल्लीत नळ आणला. मन तिकडं हाय. पण लेकीच्या जिवावर कसं उठू?"

त्यांनी जबाब दिला. देवाच्या कोपाचा धाक घालून मत मिळवणं हा निवडणुकीतला गुन्हा आहे. रीतसर परवानगी काढून दुसऱ्या दिवशी दोन पंचांसह त्यांनी नाव घेतलेल्या उमेदवाराच्या, एका माजी नगरसेवकाच्या, प्रचार कार्यालयात गेलो. चौरंगावर भंडाऱ्याचं पिवळं ताट होतं. त्याचा माणूस हसला. "करा की जप्त. पण उचलणार कोन?"

पंच मागं सरले. दरोडेखोराच्या अंगावर धावून गेलेला माझा हवालदार पुटपुटला, "साहेब, माझी लेकरं लहान हायत."

खरं सांगतो, भीती मलाही वाटत होती. आमच्या घरात भंडाऱ्यापुढं कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही. तरी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि बाहेर आलो. गल्ली गोळा झालेली, मावशी पुढंच.

"मावशी, धाकानं घेतलेली शपथ शपथ नसते. देव कुणाचा पोलिंग एजंट नाही."

"अन् असला तर?"

"तर ताट आता माझ्या हातात आहे. जे व्हायचं ते मला होऊ द्या."

मतदानाच्या दिवशी मावशी रांगेत दिसल्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

निकाल लागला, दोषारोपपत्र दाखल झालं, पण माझी भीती गेली नाही. ती पोरगी बाळंत होईपर्यंत मी रोज महिला शिपायाकडून खबर घेत होतो. त्या घरात काही वाईट घडलं असतं, तर गल्लीनं माझं ऐकलं असतं की त्या ताटाचं?

काठीचा धाक दिसतो, त्याचा पंचनामा होतो. पण माणसाची श्रद्धा ओलीस धरून त्याचं मत हिसकावणारा मला दरोडेखोरापेक्षा नीच वाटतो. त्याच्यापुढं कायद्याचं पुस्तक पुरत नाही. आधी आपला हात त्या ताटाखाली घालावा लागतो, कापत असला तरी.

मतदानानंतर दीड महिन्यानं मावशी पेढे घेऊन ठाण्यात आल्या. "नात झाली. दोघी बऱ्या हायत." मग टेबलाजवळ सरकून म्हणाल्या, "इचारा की साहेब, मत कुणाला दिलं."

"नाही विचारणार."

"मंग बराबर," म्हणाल्या आणि माझ्या उजव्या हातावर पेढा ठेवला.