लाल रेघ नको

माझं अक्षर सुंदर आहे हे मला फार लहानपणी कळलं, आणि त्यानंतर आणखी काही कळून घ्यायची मला गरजच वाटली नाही. सोलापुरात प्राथमिक शाळेवर मास्तर झालो तोही अक्षराच्याच जोरावर. माझं गणित कसं होतं ते माझे जुने विद्यार्थी अजून सांगतात आणि पोट धरून हसतात. अशा माणसाला सरकारनं एकवीस सालच्या खानेसुमारीत माणसं मोजायला धाडलं.

काम बिनपगारी. शाळा सुटली की दौत-टाक आणि कागदांची गुंडाळी घेऊन साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत जायचं, दारांवर गेरूनं नंबर घालायचे आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, लग्न, धंदा, भाषा तक्त्यात भरायची. ही कच्ची मोजणी, काळ्या शाईतली. मग ठरलेल्या एका रात्री सगळ्या हिंदुस्थानात एकदमच पक्की मोजणी. त्या रात्री पुन्हा घरोघर फिरायचं. मधल्या दिवसांत कोणी मेलं असेल किंवा गाव सोडून गेलं असेल, तर त्याच्या नावावर लाल शाईची रेघ ओढायची.

आमच्यावर देखरेखीला एक वयस्कर कारकून होते. मागच्या खानेसुमारीच्या वेळी प्लेगामुळं लोक माळावर पळाले आणि सोलापूरचा आकडा खाली आला, ही गोष्ट ते घरच्या बदनामीसारखी हळू आवाजात सांगत. माझा कच्चा तक्ता त्यांनी उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "वा, मास्तर! पक्क्या मोजणीनंतरही असाच स्वच्छ आला, एकही लाल रेघ नाही, तर साहेबांपुढं पहिला हाच ठेवतो."

झालं. त्या दिवसापासून मला लाल शाईचा तिटकारा बसला.

माझ्या गल्लीच्या टोकाला एक घर होतं. सहा माणसं. विणकर, त्याची बायको, म्हातारी आई, दोन मुलगे आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. कच्च्या मोजणीच्या दिवशी मी त्या घरात उभ्यानं, ऐटीत लिहीत होतो. लिहिता लिहिता मागं सरकलो आणि थेट खड्ड्यात गेलो. तक्ते मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वाचवले, दौत मात्र धोतरावर उपडी झाली.

म्हातारी किंचाळली, "आगं बया, सरकार पडलं की!"

मग सगळं घर हसलं. मीही हसलो, दुसरं करणार काय. त्यानंतर मी गल्लीत दिसलो की ती पोरगी धावत यायची, दोन्ही हात डोक्यावर धरायची आणि धप्पकन मातीत बसायची. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. एका प्राथमिक शिक्षकाची अब्रू तिनं तीन वर्षांच्या वयात गल्लीभर घालवली होती.

पक्क्या मोजणीला दहा दिवस उरले असताना त्यांच्या शेजारच्या घरात उंदीर पडला. आमच्या पिढीला याहून जास्त सांगावं लागत नसे. घरात मेलेला उंदीर सापडला की त्याच्या मागून प्लेग येतो, म्हणून माणसं भांडीकुंडी उचलून गावाबाहेर निघत. ते शेजारी त्याच दिवशी गेले. त्यांचं घर दुसऱ्या मोजणीदाराच्या हद्दीत होतं. मी देवाचे आभार मानले, त्या रेघा त्याच्या कपाळी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विणकर शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, आमी वळसंगला जातो. बायकोचं म्हायेर हाय तितं. तुमच्या कागदात नावं हाईत म्हून सांगाय आलो."

सांगायला आला नसता तर! नुसता निघून गेला असता तर मी काय करणार होतो? पण सरळ माणूस. आणि माझ्या डोळ्यांपुढं सहा लाल रेघा उभ्या राहिल्या.

"आत्ता? मोजणीच्या तोंडावर?"

"उंदीर पडलाय की शेजारी."

"एकच ना?"

"येकच. पर लई फुगला होता."

"अरे, फाल्गुन लागला. उन्हं तापली की प्लेग आपोआप जातो. दहा दिवस कळ काढ, मग खुशाल जा."

तो घुटमळला. "पोरगी बारकी हाय, मास्तर. बायको आयकंना."

तेव्हा मी चेहरा शक्य तितका गंभीर केला. "हे बघ, सरकारचा हुकूम आहे. एकदा नाव लिहिलं की मोजणी होईपर्यंत घर सोडायचं नाही. सोडलंस तर शिपाई येतील आणि नंबरासकट दार काढून नेतील."

दाराचं मी गमतीनं म्हटलं होतं. त्यानं हसावं अशी माझी अपेक्षा होती. पण ज्याच्या हातात सरकारी कागद आहे त्याची गंमत समोरच्याला कळत नसते.

"दारबी न्हेतील?"

"नेतील."

असा हुकूम कुठंही नव्हता. मोजणीच्या रात्री शक्यतो प्रवास करू नका, एवढी विनंती होती. ते वळसंगला गेले असते तर तिथल्या मोजणीदारानं त्यांना लिहून घेतलं असतं, आणि हिंदुस्थानच्या लोकसंख्येत एकाचाही फरक पडला नसता. फरक पडला असता तो माझ्या तक्त्याला. विणकर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता, आणि मी त्याला अरे-तुरे करत होतो.

हुकमाची बातमी गल्लीभर झाली. कोणीही हललं नाही. मी मनात म्हटलं, काय हा आपला वचक!

पक्क्या मोजणीची रात्र आली तेव्हा होळी चार-पाच दिवसांवर होती. चांदणं चांगलं होतं. दिवेलागणीनंतर कंदील, तक्ते आणि लाल शाईची दौत घेऊन निघालो. घरामागून घर तक्त्याशी जुळत गेलं. सगळी माणसं जागच्या जागी. दौतीचं बूच उघडावं लागलं नाही. शेवटच्या घराशी आलो तोवर मी गुणगुणायला लागलो होतो.

विणकर उंबऱ्यातच बसला होता. माग बंद.

"सगळी आहेत?"

"हाईत, मास्तर. येकबी भाईर ग्येलं न्हाय." त्याच्या आवाजात आज्ञा पाळल्याचा थोडा अभिमानही होता.

तेवढ्यावर मी खूण करून निघू शकलो असतो. पण पोरगी धावत आली नव्हती. मी कंदील वर करून आतल्या खोलीत डोकावलो. ती आईच्या मांडीवर होती. डोळे लाल, उघडे. माझ्याकडं वळले आणि तसेच पुढं गेले. डावा हात तिनं अंगापासून लांब धरला होता. बगलेतली गाठ दिसायला कंदील जवळ न्यावा लागला नाही.

"किती दिवस?"

"तीन दिस झालं."

"मग दवाखान्यात का नाही नेलंस?" मी ओरडलोच त्याच्यावर.

"घर सोडायचं न्हाय म्हनला न्हवं तुमी?"

पोरीच्या आईनं तिच्या कपाळावरची ओली चिंधी उलटली, एवढंच.

त्या वेळी मी काय म्हणालो असेन? खड्ड्यात पडताना कागद वाचवणारा माणूस काय म्हणणार! तक्ते रात्रीतच पोचवायचे होते. मी म्हणालो, "उद्या सकाळी ने. मोजणी संपली की मोकळं." आणि तिच्या नावापुढं हजेरीची बारीक खूण केली. अक्षर जरासुद्धा हललं नाही.

पहाटे, मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आधी, माझं दार वाजलं. तो पायरीच्या खालीच उभा होता, आपल्या घरची हवा माझ्या घरात जाऊ नये म्हणून असेल.

"मास्तर, मोजनी झाली न्हवं?"

"झाली, झाली."

"मग पोरीला भाईर न्यायची परवानगी हाय का?"

"आहे की! लवकर ने. टांगा कर, दवाखाना लांब आहे."

एखाद्या खुळ्याला समजावून सांगावं तसं तो हलक्या आवाजात म्हणाला, "टांगा कशाला, मास्तर. हातावरच न्हेनार. म्हसनवटा जवळच हाय की."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. असा हुकूम नव्हता रे, कधीच नव्हता, ते मी म्हटलं होतं, सरकारनं नाही. पण तो पायरीखाली उभा होता, आणि आपली पोर घराबाहेर काढायला माझ्या तोंडच्या एका शब्दासाठी थांबला होता.

"परवानगी आहे," मी म्हणालो.

त्यानं मला हात जोडले आणि घाईघाईनं गल्लीकडं निघून गेला.