घासलेली नाणी

मावशी रिटायर झाली होती, पण हात काही रिटायर झाले नव्हते. तीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमागच्या खोलीत कात्र्या, चिमटे घासले. डाग राहिला तर पेशंटच्या जिवाशी गाठ, हे अंगात इतकं भिनलेलं की घरातल्या नळाची चावीसुद्धा चकचकायची. अशा बाईला नवरा कसला मिळावा? काळ्याकुट्ट जुन्या नाण्यांपायी वेडा झालेला बस कंडक्टर!

तिकिटाच्या थैलीत एखादं जुनं नाणं आलं की तो ते उचलायचा आणि तेवढे पैसे पदरचे भरायचा. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात हिंडून चांदीचीसुद्धा आणायचा. मावशी म्हणायची, "भंगार." एकदा तर त्याच्या डेपोतल्या मित्रांसमोर म्हणाली, "लग्न माझ्याशी केलं की भंगारवाल्याशी, कोण जाणे!" सगळे खो खो हसले. कंडक्टरही हसला. "एक दिवस योग्य भाव कळेल, तेव्हा बोल," एवढंच म्हणाला. त्यानंतर तिच्यासमोर त्यानं नाण्यांचा डबा कधी उघडला नाही.

मागच्या थंडीत तो गेला. आणि तेव्हापासून रोज दुपारी चारला, त्याची ड्यूटी सुटायच्या वेळेला, कपाटातून आवाज यायला लागला. नाण्यावर नाणं ठेवल्याचा. टक. थोडं थांबून परत टक. उंदीर म्हणावा, तर उंदीर काय घड्याळ बघून येतो? मुलगी म्हणाली, "आई, लाकूड वाजतं गं. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" मावशी हो म्हणाली. पण चार वाजत आले की ती कपाटाकडे पाठ करून बसायची. माणूस विचारतोय, हे तिला पक्कं कळलं होतं. काय विचारतोय, तेही कळलं होतं.

म्हणून तिनं ठरवलं, नाण्यांचा योग्य भाव काढायचा. विकायची गरज नव्हती, पेन्शन पुरत होती. त्याला सांगता आलं पाहिजे, बस्स. आता चार लोकांत न्यायची तर असली कळकट नाणी कशी न्यायची? लाज नाही वाटणार? दोन दिवस ती नळाखाली बसली. खायचा सोडा, लिंबू, बारीक ब्रश. त्रेचाळीस नाणी, त्यांवरचं एकेक अक्षर, कडेची एकेक रेघ. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याच्या नाण्यांना हात लावला होता. घासता घासता ती त्याच्याशी बोलतसुद्धा होती. नाणी अशी लखलखली म्हणता! कंडक्टर बघून खूश झाला असता, असं तिला वाटलं.

जुन्या नाण्यांच्या पहिल्या दुकानदारानं डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. "कुणी केला हा उद्योग?" त्यानं नुसत्या चांदीचा, वजनावरचा भाव सांगितला. "चोर मेला," म्हणत मावशी तरातरा बाहेर पडली. बाई एकटी दिसली की लुबाडायचं, दुसरं काय! दुसऱ्या दुकानात तिनं आधीचा आकडा मुद्दामच सांगितला नाही. तिथंही जवळपास तोच निघाला.

तिसरा दुकानदार म्हातारा होता. त्यानं भाव सांगितलाच नाही. स्वतःचं एक काळं नाणं तिच्या नाण्याशेजारी ठेवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

भिंगाखाली मावशीला बारीक ओरखडे दिसले. सगळे एकाच बाजूला झुकलेले, ती ब्रश फिरवायची तसे.

"हा काळा थर चढायला शंभर-शंभर वर्षं लागतात, बाई," म्हातारा म्हणाला. "त्याचेच तर पैसे असतात. एकदा गेला की गेला."

"घासली नसती तर?"

"जाऊ द्या ना आता."

"सांगा."

तासभर तो एकेक नाणं उलटंपालटं करत राहिला. बेरीज ऐकून मावशीनं खुर्ची धरली. तिचा सहा वर्षांचा पगार होता तो.

"हा भाव लिहून द्या," ती म्हणाली.

"अहो, ती नाणी आता राहिली नाहीत."

"माणूस तरी कुठं राहिलाय? लिहा तुम्ही."

त्यानं एकेका नाण्याचा भाव आणि बेरीज लिहून दिली, खाली सही-शिक्का केला.

मावशी घरी पोचली तेव्हा चार वाजायला आले होते. आज ती कपाटाकडे तोंड करून बसली. चष्मा लावला आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आकडे मोठ्यानं वाचले. मग बेरीज. "ऐकलंत? तुमचंच खरं होतं. तुमच्या मित्रांसमोर मी नको ते बोलले. चुकलं माझं."

चार वाजून गेले. कपाटात काही वाजलं नाही. ऐकतोय, तिला वाटलं.

चिठ्ठी संपली होती. पुढचं कागदावर नव्हतं. मावशीनं चष्मा काढून ठेवला.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "मी घासली ती." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.